काकूची सही

"जुळलं," मी फोनवर म्हणाले. "सुकुमार, रिपोर्ट आला. अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर. तू माझा सख्खा भाऊ आहेस."

"ते मला ठाऊक आहे, अक्का," तो म्हणाला. "हाताला वार्निश लागलंय, जरा धर, शैलाला देतो."

हा आमचा सुकुमार. मी इकडे न्यू जर्सीत सकाळी सात वाजता चहा उतू घालवून स्वयंपाकघरात येरझारा मारतेय, आणि तिकडे जयसिंगपुरात हा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटरला वार्निश लावतोय. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यामुळे फोन आला की सगळं घर तिथं गोळा व्हायचं. शैलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, फोन घेऊन "अक्का, खरंच?" एवढं विचारलं असेल नसेल, तोवर काकूने तो तिच्या हातून काढून घेतला.

"काय म्हणतीयास कुमे? जुळलं?"

"जुळलं, काकू."

"सानिके," काकू फोन कानाशी तसाच ठेवून ओरडली, "पेढे आण. पाव किलो नको, अर्धा आण. गल्लीला पुरले पाहिजेत."

सानिका म्हणजे सुकुमारची एकुलती एक लेक, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनेच मला नंतर सांगितलं, की काकू दारोदार पेढे देत फिरली आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगत गेली, "आमच्या सुकुमारचं रक्त कुमूच्या रक्ताशी जुळलं." समोरच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, म्हणजे काय झालं हो? काकू म्हणाली, "म्हणजे अमेरिका."

मी पोट धरून हसले होते. ज्या रिपोर्टात सुकुमार काकूच्या पोटचा नाही हे आकड्यांत लिहून आलं होतं, त्याचे पेढे काकूच वाटत होती. पण त्या दिवशी हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दार उघडलं होतं आणि आमचे कुणाचे पाय जमिनीवर नव्हते.

बारा वर्षांपूर्वी, अमेरिकेची नागरिक झाल्यावर, मी भावाच्या कुटुंबाला बोलावण्याचा अर्ज भरला. अर्ज भरायचा आणि विसरून जायचा, इतकी ती रांग लांब. मधल्या काळात माझे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला गेला, आणि चार खोल्यांच्या घरात मी एकटी राहिले. मग ती रांग रोज आठवायला लागली. वरची खोली मी सानिकासाठी रंगवून घेतली. शैलाला कुठे काम मिळेल, सुकुमारला मोटर दुरुस्तीचं लायसन्स कसं काढता येईल, सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. मला घाई फार आहे आणि दुसऱ्याच्या आयुष्याची आखणी करण्याची हौस त्याहून. हे माझे यजमानही म्हणायचे.

अखेर नंबर जवळ आला आणि इथल्या इमिग्रेशन ऑफिसचं पत्र आलं. तुमच्या वडिलांचं नाव भूपाल मगदूम. ज्याला भाऊ म्हणता त्याच्या वडिलांचं नाव आदगोंडा मगदूम. दोघांचे आईवडील एकच असल्याचा पुरावा बारा आठवड्यांत द्या.

खरं सांगते, अर्ज भरताना ही अडचण माझ्या डोक्यातच आली नव्हती. सुकुमार माझा भाऊ. हे काय कुणाला सिद्ध करून दाखवायचं? तीन वर्षांचा असताना तो काका-काकूंकडे गेला. काका म्हणजे आमच्या अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे जाणं म्हणजे एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरणं. शाळेत नाव घातलं ते काकांच्या नावाने. तेच नाव पुढे रेशनकार्डावर, मतदार यादीत, पासपोर्टवर. असं आमच्या भागात घरोघरी झालेलं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण त्या ऑफिसाला कागदावरून आम्ही चुलत भावंडं दिसत होतो, आणि चुलत भावाला बोलावता येत नाही.

म्हणून ती रक्ताची तपासणी. रक्त म्हणायचं इतकंच. माझ्या गालाच्या आतून त्यांनी कापसाचा बोळा फिरवला, तिकडे सुकुमारच्या, आणि दोन्ही पाकिटं लॅबला गेली.

रिपोर्ट घेऊन मी उड्या मारतच माझ्या वकीलबाईंकडे गेले. बाई हुशार, बोलायला मोजक्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "छान. आता एकच प्रश्न. त्यांना दत्तक दिलं होतं का?"

"का?"

"कारण दत्तक झालं असेल तर रक्त कितीही जुळू दे, कायद्याने ते तुमचे भाऊ उरत नाहीत. मग फाइल बंद करावी लागेल. दत्तक झालं नसेल, काकांचं नाव नुसतंच लावलं असेल, तर तुमच्या काकूंचं तसं प्रतिज्ञापत्र हवं. आणि त्या वेळी घरात असलेल्या, आज हयात असलेल्या एखाद्या माणसाचं."

"तसा कागद कुठलाच नाही," मी म्हणाले. हे अगदी खरं होतं.

"मी कागदाचं विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही नीट चौकशी करा आणि मग सांगा. पाच आठवडे आहेत."

मी चौकशी केली नाही. मी तिकीट काढलं.

जयसिंगपूरला पोचले तेव्हा काकू दारातच उभी होती. सत्त्याहत्तर वर्षांची, काठी म्हणून आणलेली छत्री हातात आणि डोळ्यांत लहान पोरीचा उत्साह. माझ्या अंगावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकेपर्यंतसुद्धा तिला दम नव्हता.

"विमानात भाकरी नेऊ देत्यात का? हिला विचारलं तर म्हणती कॉम्प्युटरवर बघते," सानिकाकडे बोट दाखवत ती म्हणाली. "सुकुमारला तिथला पाव चालायचा न्हाई. पहिले आठ दिवस तरी पुरतील एवढ्या कडक भाकऱ्या करून देते."

"काकू, अजून व्हिसा यायचाय."

"येतोय की. तू आलीयास म्हणजे आलाच."

तिचा माझ्यावर असा विश्वास होता आणि मला तो आवडत होता, हेही सांगून टाकते. घरभर लग्नघरासारखी धांदल होती. शैलाने शिवणाचं मशीन बहिणीला द्यायचं ठरवून टाकलं होतं. सानिका औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने न्यू जर्सीतल्या तीन कॉलेजांची माहिती छापून भिंतीला लावली होती आणि रोज आरशासमोर उभी राहून इंग्रजीत मुलाखत द्यायची. तिच्या तोंडून शब्द नुसते उसळत होते. तिला बघून मला माझं बाविसाव्या वर्षीचं विमान आठवायचं.

शांत होता तो एकटा सुकुमार. संध्याकाळी तो तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळत बसला होता, तिथे मी स्टूल ओढून बसले आणि प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे आईने लिहून द्यायचं, की मी तिचा नव्हे," तो म्हणाला. काकूला तो आई म्हणायचा. आम्हीही त्याच्याशी बोलताना 'तुझी आई' म्हणजे काकूच समजायचो.

"असं नाही रे. नुसतं कायद्याच्या भाषेत."

"तू आईला विचार, अक्का. ती हो म्हणाली तर हो, नको म्हणाली तर नको. माझं त्यात वेगळं काही नाही."

"तुला स्वतःला यायचंय की नाही?"

त्याने वेटोळं खाली ठेवलं. "तू बारा वर्षं एवढी धडपडतीयास. सानिका दिवसभर हवेत असती. मी कशाला नाही म्हणू?"

मी ते होकारातच धरलं. त्याच रात्रीच्या जेवणाला नवं संकट उभं राहिलं, आणि ते सानिकाने उभं केलं. वाढता वाढता तिने सहज विचारलं, "आत्या, बाबा तिथले नागरिक झाले की आजीला बोलावतील असं तू म्हणाली होतीस ना? पण मुलगा आईला बोलावतो. कागदावर आजी बाबांची आई राहिली नाही, तर बाबा तिला कुठल्या नात्याने बोलावणार?"

शैलाने आमटी वाढायचं निमित्त काढलं.

"टुरिस्ट म्हणून येईल," मी म्हणाले. "सहा महिने राहायचं, परत जायचं."

"मला न्हाई यायचं कुठं," काकू म्हणाली. "माझ्या बहिणीची लेक येऊन राहणार हाय माझ्याजवळ. तुम्ही जेवा. आमटी निवली."

मला जीव भांड्यात पडल्यासारखं झालं आणि त्याची लाजही वाटली. पण लाज वाटून थांबण्याचा माझा स्वभाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सानिकाच्या कॉम्प्युटरवर स्वतः मजकूर लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत, तीन प्रतिज्ञापत्रं. एक काकूचं, एक सुकुमारचं, एक माझं. काकूला मी एवढंच सांगितलं, की उद्या कोर्टाजवळ वकिलाकडे जायचंय, एक सही लागेल.

"चार लागू देत," ती म्हणाली. "मला सही येती. अंगठाबहाद्दर न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतलं इरकल नेसून, केसांना तेल लावून रिक्षात बसली. शैला घरीच राहिली. सुकुमार होताच, सानिकाही बरोबर आली, कारण कागद स्कॅन करून तासाभरात अमेरिकेला पाठवायचे होते. पाचव्या आठवड्याचे चार दिवस उरले होते. मी वाटेत तीनदा फाइल उघडून पाहिली. फोटो, शंभराचे बाँड, ओळखपत्रं, सगळं जागच्या जागी होतं. दोन महिन्यांत ही सगळी माणसं माझ्या घरात असणार होती.

नोटरीचं नाव ॲडव्होकेट खोत. साठीचा, पांढऱ्या मिश्यांचा माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल, शेजारी टायपिस्ट. कागद बघून ते म्हणाले, "आजीबाईंचं वय झालंय. मला हे त्यांना वाचून दाखवावं लागेल. नियम आहे."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. "वाचलंय त्यांनी," मी म्हणाले.

"तरीपण," खोत म्हणाले, आणि चष्मा नाकावर चढवून मोठ्याने वाचायला लागले. "मी, श्रीमती पद्मावती आदगोंडा मगदूम, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, श्री. सुकुमार हे माझे दीर भूपाल मगदूम यांचे पुत्र असून माझे पुतणे आहेत. मी व माझे कैलासवासी पती यांनी त्यांना कधीही दत्तक घेतलेले नाही. असा कोणताही विधी झालेला नाही. केवळ सोयीसाठी शाळेत माझ्या पतीचे नाव लावण्यात आले."

घरी लिहिताना ही वाक्यं मला व्यवस्थित वाटली होती. पत्र्याखाली, चार अनोळखी माणसांदेखत, ती ऐकवेनात. मी सुकुमारकडे पाहिलं. तो टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होता. काकू मात्र ताठ बसली होती.

"आजी, हे कळलं तुम्हाला?" खोतांनी विचारलं.

"कळलं."

"हे खरं आहे?"

"खरं हाय," काकू म्हणाली. "पुतण्या हाय माझा. कुठं सही करू?"

सानिकाने पुढे होऊन बोट दाखवलं. काकूने पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत, ओळीबाहेर जाऊ न देता, पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. मग पेन सुकुमारच्या हातात देऊन म्हणाली, "कर. लवकर कर, सायबांना दुसरी कामं असत्यात."

"आई, तुला हे आधी ठाऊक होतं?" तो म्हणाला.

"काल दुपारीच सानिकेकडून वाचून घेतलंय. दोनदा." आणि माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "कुमूला सांगायला अवघड जात हुतं. म्हटलं, जाऊ दे, नको इचारायला."

सुकुमारने सही केली. त्याची आई सांगेल ते करायची त्याला सवय होती. मग तिसरा कागद माझ्यापुढे आला. मी, कुमुदिनी, भूपाल मगदूम यांची कन्या, त्या काळी त्याच घरात राहत होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे असा कोणताही विधी झालेला नाही.

पेन माझ्या हातात होतं आणि मला आमची चूल दिसत होती.

मी नऊ वर्षांची होते. पलीकडे काकूकडे सतरंज्या घातल्या होत्या, उपाध्ये येऊन बसले होते, पाहुणे जमले होते. आईने सुकुमारला घेऊन तिकडे जायचं आणि काकूच्या ओटीत ठेवायचं, असं ठरलं होतं. आई चुलीपुढून उठेना. सुकुमारला तिने मांडीवर धरलं होतं आणि ती चुलीत काटक्या घालत होती. वर काहीच ठेवलेलं नव्हतं. अण्णा दोनदा बोलवून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा आईने त्याला उचललं, माझ्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "जा कुमू. तू दे." तो जड होता. नव्या टोपीचा गोंडा तोंडात घालून चघळत होता. मी त्याला घेऊन त्या दारातून निघाले, या दारातून शिरले, सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि काकूच्या ओटीत ठेवला. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला, काकूने पदर त्याच्या अंगावर घेतला, आणि उपाध्यांनी म्हणायचं ते म्हटलं. मग सगळ्यांना साखर वाटली. मलाही दिली. मी ती परकराच्या खिशात ठेवली आणि खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आईला काकू म्हणायला शिकला आणि अण्णांना काका. आई मरेपर्यंत त्याची काकू राहिली. माझं मात्र काही बदललं नाही. सख्खी असो की चुलत, थोरली बहीण ती अक्काच. त्या एका शब्दावर मी पन्नास वर्षं काढली होती. आणि पन्नास वर्षं मला वाटत होतं, की आईने दिला नाही, मी दिला. अर्ज मी सानिकाच्या शिक्षणासाठी भरला नव्हता, सुकुमारच्या भल्यासाठीही नव्हता. मी दिलेला भाऊ मला परत हवा होता. त्यासाठी मी सात समुद्रापलीकडून कायदा घेऊन आले होते, आणि ज्या बाईने त्याला पदरात घेतला तिने तो मला, न मागता, सही करून परतही केला होता.

मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, दत्तक झालंय," मी म्हणाले. "मी तिथे होते. मीच नेऊन दिलाय."

टायपिस्टचं मशीन थांबलं. पहिली बोलली ती काकू.

"कुमे, गप बस. नऊ वर्साची हुतीस तू. तुला काय आठवतंय?"

"सगळं."

"पोरीचं नुकसान करतीयास."

"करतीय, काकू."

"मी सही केली की! मी, म्हातारीनं, धडधडीत खोटं बोलून सही केली, आणि तू शिकलीसवरलेली मागं सरतीस?" तिने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघू लागली.

सानिका माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो सगळा उजेड एका क्षणात गेला. तिने स्कॅनरची पिशवी खांद्याला लावली आणि रिक्षात जाऊन बसली. पुढे दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचा राग रास्त होता. ती शिकली, पुण्याला औषधांच्या कंपनीत लागली, आता महिन्यातून एकदा फोन करते. पण वरची ती खोली मी अजून कुणाला दिलेली नाही, आणि तिच्यापुढे तो विषय मी काढत नाही.

खोतांनी चष्मा काढला. "दोन कागदांवर सह्या झाल्यात, शिक्का मारायचा राहिलाय. माझ्या दृष्टीने अजून काही झालेलं नाही. फाडून टाका आणि घरी जा."

सुकुमारने काकूचा कागद उचलला. दोन तुकडे केले, चार केले, खिशात टाकले. स्वतःचाही टाकला. आणि मग आयुष्यात कधी स्वतःहून काही न मागितलेला तो माणूस म्हणाला, "साहेब, दत्तक झालंय असा कागद करता येतो का?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे तो कधी केलाच नाही. विधी झाला, साखर वाटली, संपलं. आता करून मिळेल?"

"प्रतिज्ञापत्र करता येईल, झालेल्या गोष्टीचं. पण साक्षीदार लागेल. त्या वेळी स्वतः हजर असलेला."

तिघेही माझ्याकडे वळले. मला काय झालं कोण जाणे, सगळं हातचं गेलं होतं आणि अंगातून वीज खेळावी तसं झालं. मी फाइलमधून उरलेला बाँड काढला आणि खोतांच्या पुढे सरकवला. "लिहा," मी म्हणाले. "मी सांगते. साल अठ्ठावन्न, माघ महिना, बुधवार. मला सगळं पाठ आहे."

"कशाला आता?" काकू पदराआडून म्हणाली. "पन्नास वर्सं कागदावाचून काय अडलं न्हाई."

"आज अडलं की, आई," सुकुमार म्हणाला.

मी भराभर सांगत गेले आणि टायपिस्टची बोटं माझ्या मागे धावत होती. सतरंज्या कुठे होत्या, कोण कोण बसलं होतं, काकांनी कुठल्या रंगाचा फेटा बांधला होता. खोत म्हणाले, फेट्याचा रंग नको. मी म्हणाले, असू द्या. काकूने हळूहळू पदर खाली घेतला. "पिवळा नव्हता," ती मध्येच म्हणाली. "केशरी हुता." मी केशरी लिहायला लावलं. सुकुमार हसला. तो असा तोंड भरून हसलेला मी किती वर्षांनी पाहत होते, ते मला सांगता येणार नाही.

काकूने पुन्हा पूर्ण नाव लिहिलं, या वेळी अक्षरं जरा ओळीबाहेर गेली. सुकुमारने सही केली. शेवटी कागद माझ्याकडे आला. साक्षीदाराचं नाव, वय, पत्ता टायपिस्टने छापलं होतं. त्यापुढे 'दत्तकाशी नातं' असं छापून जागा मोकळी ठेवली होती.

"इथे काय लिहायचं?" मी विचारलं.

"अक्का," सुकुमार म्हणाला.

"तसं चालत नाही," खोत म्हणाले. "सख्खी की चुलत, ते लिहावं लागतं."

काकू माझ्याकडे झुकली. तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. "सख्खी लिही कुमे," ती मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाली. "लिही. माझं काय जातंय त्यात?"

मी तिचा हात एका हाताने धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं, चुलत बहीण. मग खाली सही केली.